साधनाची खुर्ची

आमच्या सरांना 'मोसंबी गोड आहे' असं सांगायची सोय नव्हती. शहागंजच्या बाजारात हातगाडीवाला सवयीनं बोलून जायचा आणि सर हातातली पिशवी खाली ठेवून तपासाला लागायचे.

"गोड आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"मैंच बोल रहा हूँ ना साब."

"खाऊन पाहिलीस?"

"रोज खाता हूँ."

"रोजची सोड. या ढिगातली खाल्लीस का?"

तो बिचारा वैतागून एक मोसंबी कापून पुढं करायचा. सर ती शांतपणे चोखायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "हिच्यापुरतं खरं आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही." मग पिशवी उचलून पुढं चालू लागायचे. बाजारातले लोक त्यांना अर्धवट समजत. आम्ही विद्यार्थी तसं समजत नव्हतो, कारण आम्ही त्यांना टरकून होतो.

सर इतिहासाचे. राहायला बेगमपुऱ्यात. अंगात निजामाच्या अमदानीतली काळी शेरवानी, कोपरावर विरलेली. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. शाळा सगळी उर्दूत झालेली, त्यामुळं रागावले की मराठी सोडून उर्दूत शिरायचे आणि आमच्यासारख्या पोरांना शिव्या पडतायत की आशीर्वाद, तेच कळायचं नाही. मी गंगापूरकडची. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मुलगी एम.ए. होऊन आणखी पुढं शिकतीय म्हटल्यावर वडील एवढंच बोलले, "शीक. पण त्या मास्तरला भिऊ नको." त्यांनी सरांना पाहिलेलं नव्हतं.

भीती सरांची नव्हती म्हणा, त्यांच्या खुर्चीची होती. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून एक बिनहाताची लाकडी खुर्ची असायची. ती 'साधनाची खुर्ची'. प्रबंधासाठी तुम्ही जे साधन आणाल, सनद म्हणा, बखर म्हणा, वर्तमानपत्राचं कात्रण म्हणा, ते टेबलावर ठेवून तुम्ही त्या खुर्चीत बसायचं. आणि मग तुम्ही तुम्ही राहत नव्हता. तुम्ही ते साधन व्हायचा, आणि सर तुमची उलटतपासणी घ्यायचे.

"तू सनद आहेस. बोल. तुला कुणी लिहिलं?"

"कारकुनानं, सर."

"सर नको म्हणूस. सनद मला सर म्हणत नाही. तो कारकून कुणाचं खात होता? तुझी ही नक्कल कुणी केली? मूळ कुठंय? नक्कल करणाऱ्याचा तुझ्या जमिनीत हिस्सा होता का?"

असं सोलत सोलत ते शेवटच्या प्रश्नाला येत. तेव्हा आवाज एकदम खाली यायचा.

"आणि तू कुणाला भीत होतीस?"

हे त्यांचं सगळं शास्त्र. म्हणायचे, लिहिणारा आणि सांगणारा कुणाला ना कुणाला भीतच असतो. ज्याला तो भितो त्याच्या विरुद्ध काही सांगत असेल, तर ते जपून ठेवा. ज्याला भितो त्याच्याच सोयीचं सांगत असेल, तर दुसरा पुरावा मिळेपर्यंत झोपू नका. भीती कुणाची हे कळलं नाही तोवर साधनाची प्रत, म्हणजे त्याचा दर्जा, ठरत नाही. आमच्या बरोबरचा एक चांगला धडधाकट मुलगा एका बखरीच्या वतीनं त्या खुर्चीत बसला आणि पुढच्याच आठवड्यात बी.एड.ला निघून गेला. आम्ही त्याला हसलो खरे, पण सरांचा जिना चढताना आम्हीही 'तू आधी, तू आधी' करत असू.

काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, तऱ्हा वेगळी. त्या चहा घेऊन येत आणि आम्हाला ऐकवत, "तुमचं काय घेऊन बसलात! मला ताप आला तरी यांना दुसरा साक्षीदार लागतो." हे त्या हसत सांगत, आणि सर खरोखरच विचारात पडून म्हणत, "थर्मामीटर होता ना तेव्हा."

एकदा शहरात पळापळ झाली. काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण गुलमंडीकडून दुकानांची शटरं धडाधड पडत आली, बायका पोरांना ओढत गल्ल्यांत शिरल्या. मी सरांबरोबर ग्रंथालयातून येत होते. सर मात्र पळणाऱ्या माणसांचे दंड धरून विचारू लागले, "तुम्ही पाहिलं? नाही? मग कुणी सांगितलं?" मी रडकुंडीला येऊन शेरवानी ओढत होते. ते एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं असे गर्दीच्या उलट्या दिशेनं चालत राहिले, आणि शेवटी एका पानवाल्यापाशी जाऊन थांबले. तो अर्धवट शटर पाडून आत बसला होता.

"तुम्ही काय पाहिलं?"

"मैं क्या देखा साब! सामनेवाला शटर गिराया, मैं भी गिराया."

समोरचा दुकानदार लग्नाला जायचं म्हणून लवकर बंद करून गेला होता. मला हसू फुटलं. सर हसले नाहीत. पानवाल्याच्या फळीला धरून उभे राहिले, आणि मी पाहिलं की त्यांचा चेहरा घामानं पार निथळलाय. भीती त्यांनाही वाटत होती तर. आम्हा सगळ्यांपेक्षा जास्तच वाटत असावी. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही.

माझा विषय होता निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत आपल्या भागातल्या खेड्यांत काय घडलं हा. विषय सरांनीच दिलेला. रझाकारांनी काय केलं ते लोक मोठ्यानं सांगत, सांगायलाच हवं असं होतं ते. पण त्यानंतर काय झालं असं विचारलं की आवाज खाली येई, कुणीतरी उठून दार लोटून घेई. जायकवाडीचं धरण बांधायला काढलं होतं तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे मधे बरीच वर्षं गेली होती, तरी दारं लोटली जात होती.

अशात मला एका जुन्या साप्ताहिकात बातमी सापडली. पैठण रस्त्यावरच्या एका गावात सुताला रंग देणाऱ्या एका रंगाऱ्याच्या घरात बंदुका असल्याचं 'प्रत्यक्ष पाहणाऱ्या' गावकऱ्यानं लष्कराला सांगितलं, त्यावरून रंगाऱ्याला अटक झाली. मी हरखून गेले. प्रत्यक्ष पाहणारा! माझं एक अख्खं प्रकरण त्याच्यावर उभं राहणार होतं. मी कात्रणाची नक्कल टेबलावर ठेवली आणि आपण होऊन खुर्चीत बसले.

"तू बातमी आहेस," सर म्हणाले. "तुला कुणी लिहिलं?"

"बातमीदारानं."

"तो गावात होता?"

"नाही. त्याला लष्करी अधिकाऱ्यानं सांगितलं."

"अधिकाऱ्याला मराठी येत होतं?"

"नाही. दुभाषी होता."

"दुभाष्याला कुणी सांगितलं?"

"गावातल्या माणसानं. त्यानं स्वतः बंदुका पाहिल्या होत्या."

"पाहिल्या होत्या?"

"तसं छापलंय, सर."

आता शेवटचा प्रश्न येणार म्हणून मी अंग चोरून बसले. तो आलाच नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, आणि मला घरी जायला सांगितलं. माझं धाबं दणाणलं. प्रकरण गेलं, प्रबंध गेला, आता आपणही बी.एड.ला, असं मी वसतिगृहात धरूनच बसले.

दुसऱ्या दिवशी गेले तर साधनाच्या खुर्चीत सर स्वतः बसलेले. मला त्यांनी आपल्या जागेकडं बोट दाखवलं.

"बस तिथं. आज साधन मी आहे. विचार."

मी कडेकडेनं जाऊन त्यांच्या जागेवर टेकले.

"विचार म्हणतो ना!"

"तुम्ही... कोण आहात?"

"त्या बातमीतला दुभाषी."

मग ते सांगू लागले, खुर्चीत बसलेल्यानं सांगावं तसं, विचारलं तेवढंच. नुकते मॅट्रिक झाले होते. मामाच्या गावी राहायला गेले असताना फौज आली. अधिकाऱ्याला गावाची भाषा येईना. उर्दू आणि मोडकंतोडकं इंग्रजी येणारा हा एकच मुलगा, म्हणून त्याला दंडाला धरून पुढं उभं केलं. सगळं गाव उन्हात बसवलेलं. मामाचा शेजारी उठून म्हणाला, रंगाऱ्याच्या घरात बंदुका आहेत.

"अधिकाऱ्यानं मला विचारलं, यानं स्वतः पाहिल्या का? हा प्रश्न मी त्या शेजाऱ्याला विचारायचा होता."

"मग?"

"मी विचारलाच नाही. माझा मीच 'हो' म्हणालो."

आतल्या खोलीत काकूंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मला तो शेवटचा प्रश्न विचारायचा नव्हता. पण सर माझ्याकडं बघत राहिले, मी विचारेपर्यंत.

"तुम्ही कुणाला भीत होतात?"

"कुणाला नाही ते विचार. अधिकारी ओरडत होता. शेजारी माझ्याकडं रोखून बघत होता. हे लवकर संपावं, एवढंच मला वाटत होतं." ते थांबले. "बंदुका सापडल्या नाहीत. रंगाऱ्याला नेलं. तो परत आला नाही. तुझा तो प्रत्यक्ष पाहणारा मी बनवलाय, पोरी."

मला वाटलं, आता हे रडतील. पण खुर्चीतून उठले आणि एकदम मार्गदर्शक झाले. "एकट्या या साक्षीदारावर विसंबायचं नाही. याला स्वतःला दोष द्यायची हौस आहे, तीही पुराव्याला मारक. रंगाऱ्याची बायको गावातच आहे म्हणतात. ऐकीव आहे, पण आहे. तिच्याकडं जा."

"तुम्ही कधी गेला नाहीत, सर?"

"नाही."

गेले मी. खेड्यात अशी चौकशी करायला गेलं की आधी पोलीस पाटलाकडं जायचं ही रीत. एकटी मुलगी कागद-पेन घेऊन गल्लीत शिरली तर लोक काय समजतील कुणास ठाऊक. पाटील भला माणूस निघाला. चहा पाजला, "चला, मी दावतो ना घर," म्हणून स्वतः बरोबर आला.

रंगाऱ्याची बायको म्हणजे उन्हानं रापलेली, कमी दिसणारी म्हातारी. तिला सगळं गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणे, मीही म्हटलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली, अगदी सहज.

"वो दुभाषी छोकरा? वो तो कुछ बोलाच नै बेटी. उसकू कोई पूछाच नै. फौजवाले आए, घर देखे, मियाँ कू ले गए. अब किसी का क्या कसूर. हमारा गाँव भोत अच्छा है."

परतीच्या एस.टी.त मला बसवेना. कुणी विचारलंच नव्हतं! सरांनी उभा जन्म जो दगड छातीवर घेऊन काढला, तो त्यांनी स्वतःच कल्पनेनं उचललेला होता. स्टँडवरून मी थेट बेगमपुऱ्यात गेले आणि दारातूनच सांगितलं, "सर, तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं! तिनं स्वतः पाहिलंय. ती म्हणाली."

सर हळूच खाली बसले. काकू पदरानं हात पुसत बाहेर आल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हात जोडताना पाहिलं, नवऱ्यापुढं.

"अहो, एवढं घ्या ना खरं मानून. तुमच्याच रीतीनं मिळालंय. आता तरी सोडा स्वतःला."

सरांना ते हवं होतं, मला दिसत होतं ते. तहानलेल्या माणसानं घागरीकडं बघावं तसं ते माझ्या हातातल्या कागदांकडं बघत होते. आणि मग त्यांनी विचारलं, "तुझ्याबरोबर कोण होतं?"

"पोलीस पाटील."

"कुठं बसला होता तो?"

"उंबऱ्यावर."

"कुणाचा मुलगा?"

मला माहीत नव्हतं. सरांनी त्या शेजाऱ्याचं नाव घेतलं, ज्यानं उन्हात उभं राहून रंगाऱ्याचं घर दाखवलं होतं. या पोलीस पाटलाचं आडनावही तेच होतं.

"ती बाई त्या गावात राहते," सर म्हणाले. "रोज त्याच्या दारावरून पाणी आणत असणार. त्याच्यासमोर ती दुसरं काय सांगणार? खोडून टाक हे. परत जा. या वेळी एकटी जा."

काकू आत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मला सरांचा संताप आला. एवढा निर्दय माणूस असतो का, स्वतःशीच? आणि त्या संतापाच्या तळाशी भीती होती, की हा माणूस बरोबर असणार.

दुसऱ्यांदा मी बाजारच्या दिवशी गेले. पाटील बाजाराला गेला होता. खालानं आधी गल्लीचा कानोसा घेतला, सुनेला बाहेर बसवलं, मग दाराला कडी घातली.

"पूछे थे उसकू," ती म्हणाली. "साब पूछा, वो छोकरा पाटील के बाप की तरफ मुड़के देखा भी नै. सीदा हौ बोल दिया. मैं परदे के पीछे खड़ी थी." उठून तिनं कडी पुन्हा चाचपली. "डर गया था बिचारा. मैं भी डर गई थी. मैं कहाँ बाहर आके बोली, कि झूट है?" मग तिनं माझा हात चाचपून धरला. "ज़िंदा है क्या वो?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं की तिला ते दिसायचं नाही, म्हणून "हौ" म्हणाले.

"तो बोल उसकू, एक बार आके जाव. मेरेकू कुछ नै पूछना. बस, थोड़ा बैठके जाव."

हे सगळं मी सरांना सांगितलं. सरांनी मधे एकदाही अडवलं नाही. एकही प्रश्न विचारला नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, "जाऊ या." बस्स. काकूंनी शेरवानीला इस्त्री केली, कोपराच्या विरलेल्या जागी टाके घातले. मी गावात निरोप धाडला.

पैठणच्या गाडीत ते खिडकीशी बसले, मी शेजारी. चितेगावच्या पुढं त्यांनी समोरच्या सीटची दांडी धरली, ती सोडलीच नाही. मी बाहेर दिसणाऱ्या उसाबिसावर बडबडत होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. फाटा आला. कंडक्टरनं घंटी मारली.

"चला, फाट्यावाले! कोण हाय उतरणार?"

मी उठले. सर उठले नाहीत. खिडकीतून बाभळीखाली उभी असलेली एक बाई दिसत होती. पांढरी ओढणी, डोळ्यांवर हाताची सावली धरलेली. गाडीकडं तोंड करून उभी होती, पण कुणाकडं बघावं ते तिला कळत नसणार.

"ती?" सरांनी विचारलं.

"हो, तीच."

"सर, चला ना," मीच पुढं म्हटलं. "तिला काही विचारायचं नाहीये. ती म्हणाली तसं."

त्यांनी माझ्या पिशवीचा बंद मुठीत धरला होता. लहान मूल धरतं तसा, घट्ट. मला उतरता येईना.

"ओ मास्तर, उतरायचं ना? गाडी खोळंबलीय," कंडक्टर जवळ येऊन म्हणाला.

"पैठणचं तिकीट दे," सर म्हणाले.

घंटी झाली. गाडी हलली. ज्यांनी आम्हाला 'साधनापाशी स्वतः जा' म्हणून जन्मभर पिटाळलं, ते सर खिडकीकडं पाठ करून बसले होते.

पैठणच्या स्टँडवर परतीच्या गाडीला वेळ होता. यात्रेकरूंच्या बोचक्यांमधे एका बाकावर आम्ही बसलो. सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसत.

"लिहून घे," म्हणाले. "तळटीप. दुभाष्याला त्या गावी नेलं असता तो गाडीतून खाली उतरला नाही. त्याच्या जबानीची प्रत ठरवताना हे ध्यानात घ्यावं."

मी लिहून घेतलं.

"सर, का उतरला नाही, ते?"

"ते तुला दिसलं का?"

"नाही."

"मग दिसलं तेवढंच लिही."

मला दिसलं होतं ते एवढंच. फाट्यावर एक म्हातारी उभी होती, आणि गाडी सुटून वळणावर आली तरी ती तिथंच उभी होती.